पानिपतचे बुणगे

14 जानेवारी 1761 रोजीं पानिपतावर जें झालें, त्याची चर्चा आमच्याकडे बहुधा सेनापतींच्या चुकांपाशीं येऊन थांबते. गोल मोडला कोणी, होळकर निघून कां गेले, हे प्रश्न आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. ज्यांनीं तलवार हातीं धरली नव्हती त्या हजारों जीवांचें काय झालें, हें विचारण्याची आठवण मात्र फारशी कोणास होत नाहीं. त्यांस आम्ही बुणगे म्हणतों. आणि ‘बाजारबुणगे’ हा शब्द तर आमच्या भाषेंत शिवीच होऊन बसला आहे!

या बुणग्यांत वाणी होते, कारकून होते, तीर्थयात्रेच्या आशेनें निघालेलीं कुटुंबें होतीं. छावणीची रसद तुटली तेव्हां लढवय्यांबरोबर तींही उपाशी राहिलीं. पराभवानंतर बंदिवान पुरुषांची कत्तल झाली व बायकामुलें गुलाम म्हणून वांटलीं गेलीं. काशीराजानें कत्तलीचा आंकडा सुमारें 40,000 दिला आहे. तो अतिशयोक्त मानला तरी उरतो तो थोडका नाहीं.

जे वांचले ते भर थंडींत, अन्नवस्त्रावांचून दक्षिणेकडे निघाले. बायकामुलें व जड सामान मागें ठेवा, असा सल्ला सुरजमल जाटानें मोहिमेच्या वेळीं दिला होता. भाऊसाहेबांनीं तो मानला नाहीं. त्याच सुरजमलानें आतां या निराश्रितांस आपल्या मुलखांत थारा दिला, जखमांवर उपचार करविले आणि लढवय्या कोण, बुणगा कोण, हें न पाहतां त्यांस ग्वाल्हेरच्या वाटेस लाविलें.