उमेदवारीचे शास्त्र

बदलीच्या निमित्ताने बसवनगुडीत बिऱ्हाड थाटलेल्या मराठी माणसाला तेथील एका पाटीवर अगदी घरचे नाव भेटते. ते नाव गोपाळ कृष्ण गोखल्यांचे होय. कन्नड साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ साली सार्वजनिक कार्याच्या अभ्यासासाठी स्थापिलेल्या संस्थेस गोखल्यांचे नाव दिले. गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज काढला, तेव्हा नव्या सभासदास पाच वर्षांच्या शिक्षणाची अट घातली होती. सदिच्छेलाही उमेदवारी करावी लागते, असा त्या अटीचा अर्थ आम्ही घेतो.

हेच तत्त्व बंगळूरने आणखी एका क्षेत्रात अंगीकारले. बसवनगुडीहून लालबाग ओलांडून होसूर रस्त्याला लागले, की मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेचे आवार लागते. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार सबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील मनोरुग्णालयांत जेमतेम दहा हजार खाटा होत्या, आणि शिक्षित माणसांचा तुटवडा तर त्याहून बिकट होता. म्हणून म्हैसूर सरकारच्या मनोरुग्णालयालगत १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उघडण्यात आली. डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी हे तिचे पहिले संचालक. पुढे १९७४ मध्ये ही संस्था व ते रुग्णालय एकत्र करण्यात आले.

संस्थेने १९५५ पासून डॉक्टरांबरोबरच मानसशास्त्राच्या पदवीधरांसाठीही पदविका सुरू केली. ग्रंथ वाचून मानसशास्त्राचा पंडित होता येते. परंतु दुःखी माणसासमोर बसून काय विचारावे आणि केव्हा गप्प राहावे, हे अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम करूनच कळते. बर्लिनच्या मनोविश्लेषकांनी १९२० साली काढलेल्या आपल्या दवाखान्यात ही रीत बसवली होती.

या रीतीत एक अडचण मुळातच होती. मुलाखतीच्या वेळी गुरू खोलीत नसतो. शिष्य सांगेल तेवढेच त्याला कळते. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी रुग्णाच्या संमतीने मुलाखतींचे ध्वनिमुद्रण करून त्यावरून शिकवण्यास आरंभ केला, तो यासाठीच. तरीही प्रश्न सुटला नाही. तेथेच १९९६ साली शिकाऊ उपचारकांविषयी एक पाहणी प्रसिद्ध झाली. १०८ जणांपैकी बहुतेक सर्वांनी आपण देखरेख करणाऱ्यापासून काही ना काही दडवल्याचे सांगितले. देखरेख करणाराच त्यांच्या योग्यतेविषयी मत देणारा होता.

सरकारी नोकरीत केस पिकवलेल्या आमच्या वाचकांस यात नवल वाटणार नाही. जो साहेब वर्षाअखेर आपला गोपनीय अहवाल लिहिणार, त्याच्यापुढे आपली चूक कोण आपण होऊन मांडील? मात्र कचेरीत दडलेली चूक निदान फायलीत सापडते. येथे ती बंद खोलीत घडते आणि तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

या कोड्याला एक उत्तर गोव्यात शोधले गेले. तेथील संगत या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचे शिक्षण दिले. हे समुपदेशक एकत्र बसून परस्परांच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण ऐकत आणि ठरलेल्या कसोट्यांवर गुण देत. त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले, असे २०१४ च्या अभ्यासात दिसले. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील नैराश्याच्या ४९५ रुग्णांवरील प्रयोगाचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्रातील उपचारांना अशा समुपदेशनाची जोड मिळालेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले. ती जोड नसलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे सारे श्रेय परस्पर देखरेखीला देता येणार नाही, हे खरे. परंतु बरोबरीच्या माणसांत चूक मांडता येते आणि तरीही कामाचा कस राहतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

याच २०१७ साली संमत झालेल्या मानसिक आरोग्य कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञाच्या व्याख्येतच दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाचा आणि देखरेखीखालील शिक्षणाचा उल्लेख केला. १९५५ साली बंगळुरास जे सुरू झाले, त्यास अशी कायद्याची मान्यता लाभली. तथापि कायदा वर्षे मोजू शकतो, आतले मोजू शकत नाही. देखरेख करणाऱ्यापुढे शिष्याला "माझे येथे चुकले" असे निर्धास्तपणे म्हणता येते की नाही, यावर त्या दोन वर्षांचे मोल ठरते. ज्यांच्या हाताखाली आज कोणी ना कोणी उमेदवारी करीत आहे, त्या आमच्या अधिकारी बांधवांनी हा प्रश्न आपल्या टेबलापुरता विचारून पाहावा, असे आम्हांस वाटते.