मतपेटी आणि विवाहवेदी

निवडणुकीच्या धामधुमीत केलेला कायदा निवडणुकीबरोबर संपत नाही, ही साधी गोष्ट राजकारणी पुरुषांच्या ध्यानी क्वचितच राहते. समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जे घडले, ते या दृष्टीने मननीय आहे.

१९९३ साली हवाई संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयाने असा विवाह नाकारणे हा सकृद्दर्शनी लिंगभेद ठरतो, असा अभिप्राय दिला. विवाह अद्यापि एकही झाला नव्हता. परंतु १९९६ हे अध्यक्षीय निवडणुकीचे वर्ष होते. मध्यवर्ती सरकारपुरता विवाह म्हणजे केवळ स्त्रीपुरुषांचा, अशी व्याख्या करणारे बिल रिपब्लिकन पक्षाने पुढे आणले. प्रतिपक्षाच्या हाती शस्त्र राहू नये, म्हणून डेमोक्रॅटिक अध्यक्ष क्लिंटन यांनी २१ सप्टेंबर रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, समारंभावाचून त्यावर सही केली. सही अंधारात झाली खरी. पण पुढे त्यांच्याच प्रचारकांनी ख्रिस्ती नभोवाणी केंद्रांवरून तिचा डंका पिटला!

२००३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने असे विवाह मान्य केले, तेव्हा हाच डाव पुन्हा मांडला गेला. फेब्रुवारी २००४ मध्ये अध्यक्ष बुश यांनी थेट घटनादुरुस्तीची मागणी केली. तीस दोनतृतीयांश मते लागतात. सेनेटात तर चर्चा आवरती घेण्याच्या सूचनेसच ४८ मते पडली आणि विरुद्ध ५०. सूचना फसली, तथापि प्रत्येक सभासदाचे मत मतदारांपुढे उघडे पडले. नोव्हेंबरात ११ संस्थानांत अध्यक्षाच्या निवडीबरोबरच बंदीवर कौल घेतला गेला व सर्वत्र ती मंजूर झाली. त्यांपैकी ओहायो बुश यांनी सुमारे १,१८,००० मतांनी जिंकले. हे यश त्या कौलाचे होते काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कारण ओरेगॉन व मिशिगन येथे बंदी मंजूर होऊनही केरी विजयी झाले.

मग या डावाची किंमत कोणी मोजली? न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर या वृद्ध बाईंनी चाळीसहून अधिक वर्षांच्या आपल्या सहचारिणीशी २००७ साली टोरांटो येथे विवाह केला. २००९ मध्ये ती वारली. १९९६ च्या कायद्याने त्या तिच्या कोणीच नव्हत्या, म्हणून त्यांस ३,६३,०५३ डॉलर वारसाकर भरावा लागला. त्यांच्याच दाव्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. तत्पूर्वी काही महिने, कायदा रद्द व्हावा असे लिहिणाऱ्यांत खुद्द क्लिंटन होते. २०१५ मध्ये हा विवाह सर्व संस्थानांत मान्य झाला, आणि मूळ कायदा २०२२ मध्ये गेला.

क्लिंटन यांची निवडणूक सहीनंतर दीड महिन्यात आटोपली. तो कायदा सव्वीस वर्षे राहिला.