रांगेत बसलेली माणसे

इतिहास म्हटला की आपण कागदपत्रे चाळतो. छायाचित्रे मात्र पुस्तकाच्या शोभेपुरती समजतो. पण एखादे छायाचित्र कागदांपेक्षा चोख साक्ष देते.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, सॅन अँटोनिओच्या लष्करी ठाण्यातील प्रार्थनामंदिरात नोव्हेंबर १९१७ मध्ये घेतलेले छायाचित्र त्यांतलेच. साठांवर कृष्णवर्णी सैनिक ओळीने बसले आहेत. माझ्यासारख्या शाळामास्तराला प्रथम वर्गाचा फोटोच आठवावा! पण भोवती पहारा आहे. ही सारी माणसे आरोपी आहेत. खाली छापले आहे, अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत मोठा खुनाचा खटला.

हे शिपाई २४ व्या पायदळ पलटणीचे. पहिले महायुद्ध चालू होते. ह्यूस्टन शहराजवळ नवी छावणी उभी राहत होती. तिच्या पहाऱ्यावर त्यांना नेमले होते. त्या शहरी ट्रामगाडीतही काळ्यांची जागा वेगळी. २३ ऑगस्टला पोलिसांनी एका शिपायाला मारहाण करून पकडले. त्याची विचारपूस करायला गेलेल्या कॉर्पोरल चार्ल्स बाल्टिमोर यालाही झोडपले. तो मेला, अशी आवई छावणीत उठली. त्या रात्री शंभरावर शिपाई बंदुका घेऊन शहरात शिरले. डझनाहून अधिक माणसे प्राणास मुकली.

खून तो खूनच. त्याची चौकशी व्हायलाच हवी होती. पण ती कशी झाली? ६३ आरोपींचा बचाव एकट्या मेजर हॅरी ग्रिअर यांच्याकडे होता आणि त्यांना वकिलीची सनद नव्हती. त्या अंधाऱ्या, पावसाळी रात्री कोणाची गोळी कोणाला लागली, हे सांगणार कोण? तरी तेरा जणांना मृत्युदंड झाला. ११ डिसेंबरच्या पहाटे ते फासावर गेलेही. अपिलाला सवड मिळाली नाही. देशाला बातमी कळली ती नंतर.

गवगवा झाला. वरिष्ठांनी खटला तपासल्याखेरीज अशी शिक्षा अमलात आणू नये, असा नियम १९१८ मध्ये झाला. त्यानंतरच्या खटल्यांतले आणखी सहा जण फाशी गेले. काहींची फाशी मात्र राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी टाळली. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये, १०६ वर्षांनी, खुद्द सेनेनेच सर्व ११० शिपायांच्या शिक्षा रद्द केल्या.

नियम सुधारला, पण ज्यांच्या मरणाने सुधारला, त्या तेरा जणांच्या तो उपयोगी पडला नाही. ते छायाचित्र कितीही न्याहाळा. त्यांतले तेरा कोणते, हे चेहऱ्यांवरून ओळखता येत नाही.