नाकातील फुगा (नेझल बलून)

नाकपुडीतून आत सरकवून हवेने किंवा पाण्याने फुगवायचे आणि आतून दाब देऊन रक्तस्राव थांबवायचे वैद्यकीय साधन. नाक चिमटीत धरून, औषधाचा बोळा ठेवून किंवा फुटलेली रक्तवाहिनी डागूनही घोळणा थांबला नाही, की कान-नाक-घसा तज्ज्ञ ते वापरतात.

मराठवाड्याला घोळणा नवा नाही. छत्रपती संभाजीनगरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी पडते, नाकातले नाजूक अस्तर सुकून तडकते आणि खपली काढायला मुलांचे बोट आत जाते. सुमारे ९० टक्के घोळणे नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागातून, ‘लिटल्स एरिया’तून फुटतात आणि दाबल्यावर थांबतात. खरी चिंता मागच्या रक्तस्रावाची. तो बहुधा उतारवयात, रक्तदाब असलेल्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसांत दिसतो. रक्त बाहेर थोडे येते, घशात जास्त उतरते. रुग्ण ते गिळत राहतो आणि काळपट उलटी झाल्यावर घरचे हादरतात.

तयार फुग्यांचे प्रकार अनेक. ‘एपिस्टॅट’ला दोन फुगे असतात, मागचा लहान आणि पुढचा मोठा. ‘रॅपिड ऱ्हायनो’वर रक्त गोठण्यास मदत करणारे विणलेले आवरण असते, ते ३० सेकंद निर्जंतुक पाण्यात भिजवून नाकात सरकवतात आणि मग सिरिंजने हवा भरतात.

ही साधने महाग पडतात. सरकारी रुग्णालयांत अनेकदा त्यांच्या जागी लघवीसाठीची फोलीची नळी कामी येते. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांच्या नावाची ही नळी १९३०च्या दशकातली. तिच्या टोकाजवळच फुगा असतो. नाकाच्या तळालगत ती आत नेतात, पडजिभेमागे टोक दिसले की फुग्यात ७ ते १० मिलिलिटर पाणी भरतात आणि अडकेपर्यंत हलकेच पुढे ओढतात. नाकाची पुढची पोकळी औषधी पट्टीने भरतात, नाकपुडीशी गॉज ठेवून नळीला चिमटा लावतात. हा गॉज विसरला तर सततच्या दाबाने नाकपुडीची कड काळी पडून सडू शकते. इतकी साधी नळी जीव वाचवते, म्हणून ती बसवण्याचे कसब प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असायलाच हवे.

मागचा फुगा बसवलेल्या रुग्णाला दाखल करून ऑक्सिजन आणि रक्तदाबावर लक्ष ठेवतात. फुगा साधारण २४ ते ७२ तासांत काढतात. तरीही रक्त आले तर दुर्बिणीतून स्फेनोपॅलाटाइन धमनी बंद करतात. किशोरवयीन मुलाला एकाच नाकपुडीतून वारंवार भरपूर रक्त येत असेल तर अँजिओफायब्रोमा या गाठीची शंका घ्यावी लागते. तपासणीखातर तिचा तुकडा काढणे धोक्याचे.

छत्रपती संभाजीनगरातले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, म्हणजे सर्वांची ‘घाटी’, १९५६पासूनचे. जालना, बीड, परभणीकडचे रुग्णही येथे पाठवले जातात. हा प्रवास लांबचा, त्यामुळे घरचा पहिला उपचार चुकता कामा नये. कांदा हुंगवणे, डोक्यावर पाणी मारणे, मान मागे टाकणे यांत वेळ जातो. मान मागे टाकल्याने तर रक्त थेट घशात उतरते. रुग्णाला बसवून पुढे वाकवावे, नाकाचा मऊ भाग घट्ट धरावा, घड्याळ लावून १० ते १५ मिनिटे सोडू नये. त्यानंतरही रक्त वाहत असेल तर १०८ला फोन करावा.