फ्युरिन: पेशीची कात्री, विषाणूची सोय

नेरळहून पुण्याकडे रेल्वेने गेला असाल तर कर्जतला मागून लागणारी बँकर इंजिनं पाहिली असतील. घाट चढायचं बळ गाडी उसनं घेते. विषाणूही असंच उसनवारीवर जगतो: स्वतःची प्रथिनं तो पेशीकडून बनवून घेतोच, पण ती कामाची व्हावीत म्हणून लागणारी काटछाटही अनेकदा पेशीचीच एन्झाइम्स करतात. (बँकर जोडला जातो, एन्झाइम कापतं, उपमा इथवरच.)

हे कळलं कसं? १९७५ साली जर्मनीतल्या गीसेनचा क्लेंक-रॉट गट आणि न्यूयॉर्कमधले लाझारोवित्झ-चॉपिन यांनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट दाखवली. काही पेशींत तयार झालेला फ्लूचा विषाणू दिसायला पूर्ण असतो, पण संसर्ग करत नाही. त्यावर ट्रिप्सिन टाकलं की करतो. म्हणजे पृष्ठभागावरचं हिमॅग्लुटिनिन अखंड राहिलं होतं, ते कापलं जाणं गरजेचं होतं. कोंबड्यांना मारणाऱ्या जातींत मात्र कापण्याच्या जागी आर्जिनिन-लायसिनसारखी अमिनो आम्लं ओळीने असतात आणि ते प्रथिन जवळजवळ कुठल्याही पेशीत कापलं जातं.

पण कापतं कोण? उत्तराला सुमारे सतरा वर्षं लागली, आणि ते आलं भलतीकडून. 'फेस' नावाच्या कर्करोगाशी संबंधित जनुकाच्या शेजारी एक जनुक सापडलं होतं. शेजारी म्हणूनच त्याचं नाव 'फर' पडलं. १९९० च्या सुमारास कळलं की त्याचं प्रथिन, फ्युरिन, गॉल्जीत बसून कापाकापी करतं. १९९२ मध्ये क्लेंक यांच्या, आता मारबुर्गमधल्या, प्रयोगशाळेने ते कोंबड्यांच्या फ्लूशी आणि एचआयव्हीच्या जीपी१६० शी जोडलं. फ्लूचं कोडं सोडवायला कुणी फर शोधायला गेलं नव्हतं, हे मला फार आवडतं.

आता २०२१ चा महाराष्ट्र. जानेवारीपासून रुग्ण वाढू लागले. पुण्याच्या एनआयव्हीतल्या सारा चेरियन आणि सहकाऱ्यांनी राज्यातल्या नमुन्यांचे जीनोम वाचले, तेव्हा बी.१.६१७ कुळात स्पाइकच्या ६८१ व्या जागी प्रोलिनऐवजी आर्जिनिन दिसलं: पी६८१आर. ही जागा फ्युरिनच्या कापाला अगदी खेटून आहे. नवे कण पेशीतून बाहेर पडण्याच्या वाटेवर स्पाइकचे एस१ आणि एस२ असे दोन तुकडे होतात, ते इथेच. काप वाढेल आणि प्रसारही वाढू शकेल, असं त्यांनी एप्रिलमधल्या प्रीप्रिंटमध्ये मांडलं. 'शकेल' हा शब्द नीट वाचा. सिक्वेन्स आणि रचना पाहून एवढंच म्हणता येतं.

पुरावा नंतर आला. जपानमधल्या केई सातो यांच्या गटाने दाखवलं की पी६८१आरमुळे काप वाढतो, शेजारच्या पेशी एकमेकींत जास्त मिसळतात आणि हॅमस्टरमध्ये आजार तीव्र होतो. टेक्सासच्या गटाने उलटी परीक्षा घेतली: डेल्टात मूळ प्रोलिन परत बसवलं, तर त्याची वाढ अल्फाच्याही खाली गेली.

प्रयोगशाळेत जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. कोरोना विषाणू व्हेरो ई६ पेशींत वाढवत गेलं की फ्युरिनची जागाच गळून पडलेले विषाणू वरचढ होतात, कारण त्या पेशींत शिरायला आधीच कापलेला स्पाइक उपयोगी पडत नाही. त्यामुळे कुठलाही पेपर वाचताना मी आधी 'मटेरियल्स अँड मेथड्स'मध्ये पेशी कोणती आणि पॅसेज किती ते बघतो, निष्कर्ष नंतर.