नाव बदललेली मुले : दत्तक राजपुत्रांची दोन घरे

इ.स. १८६३ च्या मार्च-एप्रिलमध्ये, अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने, महाराष्ट्रात दोन मुलांचा जन्म झाला. एक नाशिककडील कौळाणे या खेड्यात, गायकवाडांच्या एका शेतकरी शाखेत. दुसरा एका भोसले कुटुंबात. पहिल्याचे नाव गोपाळ, दुसऱ्याचे नारायण. दोघेही जाणत्या वयात परक्या राजवाड्यात दत्तक गेले. गोपाळचे सयाजीराव झाले आणि त्यांनी बडोद्याची गादी जवळजवळ चौसष्ट वर्षे सांभाळली. नारायणचे छत्रपती चौथे शिवाजी झाले आणि विसाव्या वर्षी अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यात, त्यांचा अंत झाला.

राजकीय इतिहासात या दोन कथा वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. त्या शेजारी ठेवून वाचल्या तर निराळाच प्रश्न उभा राहतो : आठ-दहा-सोळा वर्षांचे मूल एका घरातून उचलून दुसऱ्या घरात रुजवायचे, तर त्याला काय लागते?

मुळात इतकी मोठी मुले दत्तक घेतली कशी जात, हेही पाहण्यासारखे आहे. इतर प्रांतांत मुंज किंवा लग्न झालेला मुलगा दत्तक घेण्याला शास्त्राची आडकाठी असे. मुंबई इलाख्यात मात्र नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ प्रमाण मानला जाई, आणि मयूखाच्या मते लग्न झालेला, इतकेच नव्हे तर मुलेबाळे असलेला पुरुषही दत्तक जाऊ शकतो. त्यामुळे मराठी संस्थानांत दत्तक म्हणजे पाळण्यातले बाळ असेच नसे. तो पुष्कळदा आपले नाव, आपले अंगण, आपली आई पक्की ओळखणारा मुलगा असे. दत्तविधान झाले की गोत्र बदले, वारसा बदले आणि बहुधा नावही बदले. आठवणी बदलण्याचा विधी कोणत्याही ग्रंथात नाही.

१८४८ साली सातारा आणि १८५४ साली झाशी, दत्तक नामंजूर करून कंपनीने खालसा केली. सत्तावन्नच्या उठावानंतर धोरण पालटले आणि १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. त्यानंतर कोल्हापुरात अठरा वर्षांत तीन दत्तके झाली. पहिले १८६६ चे. निपुत्रिक छत्रपतींच्या बहिणीचा मुलगा, सोळा वर्षांचा नागोजीराव पाटणकर, राजाराम महाराज झाला. १८७० मध्ये ते युरोपच्या प्रवासाला निघाले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. वय अवघे वीस. आर्नो नदीकाठी जेथे दहन झाले तेथे त्यांची छत्री आजही उभी आहे.

त्यांच्या मागे १८७१ मध्ये आठ वर्षांचा नारायण दत्तक आला. दत्तक घेणाऱ्या घरात बाप नव्हता. दत्तक आई तरुण विधवा, आणि खरी सत्ता पोलिटिकल एजंट व त्याने नेमलेले कारभारी यांच्या हाती. मुलाने कोणाकडे शिकायचे, कोणाला भेटायचे हे कचेरीतून ठरे. पुढे महाराजांना वेड लागल्याचे सांगण्यात आले. त्यांना मारहाण होते, छळ होतो, अशा वार्ता पुण्यापर्यंत पोहोचल्या. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर तोफ डागली. बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारावर लेखन झाले होते ती बनावट ठरली आणि जुलै १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. (खटल्याच्या काळात टिळक-आगरकरांच्या जामिनासाठी दहा हजार रुपये घेऊन उभे राहिले ते महात्मा फुल्यांचे स्नेही रामशेट उरवणे. पाठ्यपुस्तकांत ही ओळ क्वचितच दिसते.)

डोंगरीच्या तुरुंगातील त्या १०१ दिवसांची कथा सर्वांना ठाऊक असते. ज्याच्यासाठी ते दिवस भोगले गेले तो एकोणीस वर्षांचा मुलगा मात्र त्या कथेत नुसता निमित्त होऊन राहतो. पत्रे खोटी होती म्हणून त्याचे दुःखही खोटे ठरत नाही. पुढे त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. २५ डिसेंबर १८८३ रोजी पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि तीतच त्यांचा मृत्यू ओढवला. वेड खरे होते की छळाने आणलेले, हा वाद त्याच काळी सुरू झाला. इतके मात्र म्हणता येते की त्या किल्ल्यात त्यांना ‘नारायण’ म्हणून ओळखणारे आपले माणूस जवळ नव्हते.

आता बडोदे. मल्हाररावांना एप्रिल १८७५ मध्ये पदच्युत केल्यावर, खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाई पुण्याहून बडोद्यास परतल्या. २७ मे रोजी त्यांनी बारा वर्षांच्या गोपाळला दत्तक घेतले. निवडीसाठी आणलेल्या मुलांना ‘येथे कशाला आलात?’ असे विचारले असता गोपाळने ‘राज्य करायला’ असे उत्तर दिले, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती खरी असो वा नसो, त्या वयाच्या मुलाची अडचण पुढे होती. कौळाणे ब्रिटिश मुलखात. बडोद्याचे कायदे वेगळे, नाणे वेगळे, रयतेची भाषा गुजराती. अक्षरओळख जेमतेम. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदमच सुरू झाल्या.

त्यांच्या बाजूने काही गोष्टी होत्या. जमनाबाई केवळ सही करणाऱ्या दत्तक आई नव्हत्या. त्या वाड्यात होत्या आणि मुलात लक्ष घालीत होत्या. शिक्षक एफ. ए. एच. इलियट हे डिसेंबर १८७५ पासून पुढची सहा वर्षे, राज्याधिकार मिळेपर्यंत, तेच राहिले. दिवाण सर टी. माधवराव यांचा धाकही होता आणि मायाही. शिवाय सख्खा भाऊ संपतराव बडोद्यातच वाढला. म्हणजे कौळाण्याची बोली बोलायला कोणीतरी होते. वाड्यातली सत्तास्पर्धा, ब्रिटिशांची पाळत, कडक दिनक्रम हे सारे तेथेही होतेच. तरीही २८ डिसेंबर १८८१ रोजी अठराव्या वर्षी राज्याधिकार हाती आले तेव्हा तो मुलगा उभा राहू शकला. पुढे १९०६ मध्ये याच राजाने सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले.

कोल्हापूरकरही अनुभवाने शहाणे झाले असावेत. १७ मार्च १८८४ रोजी मृत छत्रपतींच्या विधवा आनंदीबाईंनी कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव दत्तक घेतला. हेच राजर्षी शाहू. दहा वर्षेही पुरी झालेली नव्हती. या वेळी जन्मदाते आबासाहेब घाटगे हेच संस्थानचे रीजंट होते, त्यामुळे दत्तविधानाने बाप दुरावला तरी डोळ्यांआड झाला नाही. १८८६ मध्ये आबासाहेबही गेले. आई आधीच गेली होती. पण राजकोट आणि धारवाडच्या शिक्षणकाळात धाकटे भाऊ बापूसाहेब सोबत होते.

या कोणत्याही मुलाला ‘तुला जायचे आहे का?’ असे विचारण्याची कायद्याला गरज वाटली नव्हती. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने, रूढी निराळी नसेल तर, पंधरा वर्षांची मर्यादा घातली. परदेशी दत्तकासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात नियम घालून दिले. मूल शक्यतो तीन वर्षांच्या आत जावे, आणि सात वर्षांवरील समजत्या मुलाची इच्छा जाणून घ्यावी, असे न्या. भगवतींच्या निकालात आहे. पुण्यात जन्मलेली लिसा स्थळेकर ‘श्रीवत्स’ संस्थेतून दत्तक गेली ती तीन आठवड्यांची असताना. पुढे ती ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेट खेळली. तिला कोणते घर विसरावे लागले नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाचे तसे नसते.

कोल्हापूरने पुढे याच प्रश्नाची उलटी बाजूही पाहिली. सोव्हिएत छावण्यांतून इराणमार्गे सुटलेल्या पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत १९४३ मध्ये शहराजवळ वळिवडे येथे उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बायका-मुलेच अधिक, आणि पोरकी मुलेही बरीच. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे सांभाळलेली मुलेही १९४६ मध्ये येथे आली. या मुलांना पोलिश शिक्षक होते, पोलिश शाळा होत्या, चर्च होते, स्काउटचे पथक होते. त्यांची नावे कोणी बदलली नाहीत. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली आणि अनेक मुले इंग्लंडला निघाली. त्यांतल्या कित्येकांना सैन्यातल्या वडिलांचे तोंड वर्षानुवर्षांनी दिसणार होते. नव्या घराशी जुळवून घेणे त्यांना तेथून पुढे करायचे होते, स्वतःच्याच बापाच्या घरात.

२०१९ च्या सप्टेंबरात त्यांतली काही मंडळी, आता ऐंशी-नव्वदीला आलेली, वळिवड्याला परत आली होती.