स्वप्न आणि सत्य यांची सीमारेषा : मार्कंडेय-आख्यान ते मराठी लघुकथा

प्रस्तावना :
स्वप्न आणि सत्य यांची सरमिसळ ही फ्रॉइडच्या प्रभावातून मराठी कथेत आली, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. प्रस्तुत निबंधात या गृहीतकाचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून, कथेतील 'जागे होण्याचा क्षण' हा त्यासाठी निकष मानला आहे.

पूर्वपरंपरा :
गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी, मार्कंडा हे प्राचीन शिवमंदिरांचे स्थान आहे. स्थानिक श्रद्धा त्याचा संबंध मार्कंडेय ऋषींशी जोडते. भागवताच्या १२व्या स्कंधात या ऋषींचा आश्रम हिमालयात सांगितला असला, तरी तेथील आख्यान आपल्या विषयाच्या मुळाशी जाणारे आहे. ऋषींनी माया पाहण्याची इच्छा व्यक्त केली. एका संध्याकाळी प्रलय झाला आणि ते युगानुयुगे पाण्यात भटकले. वटपत्रावरील बालकाच्या श्वासाबरोबर ते त्याच्या उदरात शिरले. तेथे अवघे विश्व आणि स्वतःचा आश्रमही त्यांना दिसला. पुढे बालक व जळ दोन्ही नाहीसे झाले आणि ते पूर्ववत आश्रमात होते. योगवासिष्ठातील लवण राजा क्षणार्धात दुसरे आयुष्य भोगतो आणि नंतर शोध घेता त्या आयुष्यातील माणसे त्याला प्रत्यक्ष भेटतात. म्हणजे सीमारेषा पुसण्याची कल्पना जुनीच आहे. मात्र येथे अनुभवाचा अर्थ सांगणारा देव अथवा गुरू उपस्थित असतो.

नवकथा आणि जी. ए. :
१९४५ नंतर गंगाधर गाडगीळ प्रभृतींच्या नवकथेने हा अधिकार मनोविश्लेषणाकडे सोपविला. स्वप्न आता दैवी संकेत न राहता दडपलेल्या वासनेची खूण ठरले. अर्थ सांगणारा बदलला. अर्थ लागतोच, हा विश्वास टिकून राहिला.

जी. ए. कुलकर्णी (१९२३-१९८७) यांच्या कथेत हा विश्वासच डळमळतो. 'पिंगळावेळ' (१९७७) मधील 'स्वामी' या कथेत मठात आलेला प्रवासी कोंडला जातो आणि स्वामिपद त्याच्यावर लादले जाते. घटना तपशीलवार, तर्कसंगत आहेत. तरी वाचक नकळत जागृतीची वाट पाहतो. ती येत नाही. मार्कंडेयांना आश्रम परत मिळाला. या प्रवाशाला परतीची वाट नाही. येथे दुःस्वप्न संपत नाही, कारण ते स्वप्न नसतेच.

निष्कर्ष :
तात्पर्य, मराठी कथेने सीमारेषा पुसण्याची युक्ती नव्याने शोधली नाही. तिने अर्थाची हमी देणारा साक्षीदार दूर केला. त्यामुळे 'हे स्वप्न होते की सत्य?' हा वर्गात हमखास विचारला जाणारा प्रश्न अपुरा ठरतो. 'कथेत जागे कोण करते, आणि कोणीच करीत नसेल तर ती जबाबदारी कोणावर येते?' असे विचारणे अधिक उचित होय. मार्कंड्याची यात्रा पाहत वाढलेल्या विद्यार्थ्याला मार्कंडेयांची कथा परकी नाही. तिच्यापासून आरंभ केल्यास जी. एं.ची कथा त्याला दुर्बोध वाटण्याचे कारण उरणार नाही, आणि साक्षीदाराची ती रिकामी जागा वाचक म्हणून आपल्यालाच भरावयाची आहे, हेही त्याच्या ध्यानी येईल.